मळई, हेडन ब्रिज

जानेवारीच्या पुरात साउथ टाइननं कूस बदलली
आणि सकाळी पुलाखाली जमीन होती.
चाळीस पावलं लांब, तेरा रुंद,
करडी, थलथलीत,
कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली.

डोरीन चार्लटन, वय एक्क्याऐंशी,
नळाच्या पाइपची चौकट घेऊन उतरली.
मीटर बाय मीटर. आत काय आहे ते लिही म्हणाली.
मी लिहिलं, काही नाही.
"काही नाही असं नसतं गं. गोटे मोज."
मोजले. दोनशे अकरा,
आणि एक बशीचा तुकडा, निळ्या नक्षीचा.

मार्चमध्ये पिवळी फुलं आली, पानांच्या आधी,
हातात पिशवीसुद्धा न घेता पाहुणे यावेत तशी.
डोरीन म्हणते, हे शिंगराचं पाऊल.
पाऊल कुठाय? तर ते मागून येतं.
एप्रिलअखेर आलं खरंच, गोल, खुरासारखं,
तोवर फूल म्हातारं होऊन उडून गेलेलं.
मायलेकरांची गाठ पडत नाही या झाडात.

मे महिन्यात वरच्या अंगाच्या वाळुंजांनी कापूस सोडला.
त्या बीला शिदोरी नसते.
ओल सापडली तर दुसऱ्या दिवशी मूळ,
नाही सापडली तर पंधरवड्यात संपलं.
जूनमध्ये पाणी पायरी पायरीनं उतरलं
आणि जिथे जिथे ते घुटमळलं होतं
तिथे तिथे रोपांची एक ओळ उभी,
नखाएवढी,
वहीवर समास आखावा तशी.

जुलैत टोमॅटो. चार झाडं.
डोरीन हसता हसता गोट्यावर बसली.
"गावानं सँडविच खाल्लं, संडासात गेलं,
कारखान्यात पाणी गाळलं, बी नाही गळालं."
तिनं वहीत लिहिलं: टोमॅटो, ४.
खाली कंसात: स्थानिक.

ऑगस्टमध्ये मग तो.
छातीपर्यंत, गुलाबी, देठ काचेसारखे.
डोरीननं नाव घेतलं ते
भाडं थकवलेल्या भाडेकरूचं घ्यावं तसं: हिमालयन.
माझ्या तोंडून निघालं, तेरडा.
म्हणजे चुलत. आमचा घोट्याएवढा,
हा विलायतेचं पाणी पिऊन वाढलेला.
हा हिवाळ्यात मरतो, काठ उघडा टाकतो,
पहिल्या पुराला माती वाहून जाते.
आणि शेंगेला बोट लागलं की
बिया सात-सात मीटर. उपटायलाच हवा.
खरं आहे. वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

शनिवारी आम्ही नऊ जणं, हातमोजे, रबरी बूट.
उपटायला सोपा. ओढला की मुळांसकट येतो.
सदतिसावा हातात आला तेव्हा थांबले.
चिपळूणला आई पाणवठ्यावरून तेरडा असाच आणायची,
मूळ तुटू न देता, कारण मुळं म्हणजे
गौरीची पावलं.
मोबाइलवर तारीख पाहिली.
पाहायला नको होती.

एक घरी आणला, कोटाच्या आत.
खिडकीत, बरणीत पाणी घालून ठेवला.
हळदीचं बोट लावलं, साखर ठेवली,
गाणी अर्धीच आठवली.
तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात,
त्यानं तिन्ही दिवस पुरवले.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र कळेना.
विसर्जन नदीत करायचं असतं,
आणि नदीतच तर करायचं नाही.
दाराशी उभी राहिले, बरणी हातात घेऊन,
एवढ्यात टक् असा आवाज झाला,
मग आणखी एक,
आणि स्वयंपाकघरभर काळे दाणे.

गुडघ्यांवर बसून वेचले. आठ.
फ्रिजखाली एखादा असेल.
बेसिनमध्ये टाकावे, तर टोमॅटो आठवले.
सध्या मोहरीच्या डब्याच्या झाकणात आहेत.

रविवारी डोरीननं विचारलं, सगळे निघाले ना?
हो म्हटलं.
तिनं वहीत शून्य काढलं,
नीट, गोल,
शिंगराच्या खुराएवढं.